तो मेलेला नाही, जेवणाची वाट बघतोय

(एपिसोड ऐकायला वेळ नाही, पण वाचायला आहे, अशांसाठी हे लिखित रूप. बोलताना जिथे मी फारच भरकटलो तिथे कात्री लावली आहे. बाकी जसं बोललो तसं.)

आज मासे. खायचे नाहीत, पाळायचे. आणि त्यातही एकच मासा, ज्याने मला एका रात्रीत मूर्ख बनवलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑन-कॉलचा आठवडा होता. रात्री दीडला लॅपटॉप बंद करून पाणी प्यायला उठलो, तर टँकमधला सगळ्यात मोठा मासा वाळूवर आडवा पडलेला. एका कुशीवर. हालचाल नाही. अंगावर तपकिरी-काळे डाग, त्या उजेडात अगदी सडायला लागलेल्या माशासारखे. मी काचेवर टिचकी मारली, काही नाही. दिवा लावला, काही नाही. झोप उडाली ती उडालीच.

त्यानंतरच्या बारा तासांत मी जे जे केलं ते सगळं चुकलं. ते सांगतोच. पण आधी हा मासा कोण ते सांगू दे, नाहीतर पुढचं लागणार नाही.

याचं शास्त्रीय नाव निंबोक्रोमिस लिव्हिंगस्टोनाय. दुकानात कुणी 'लिव्हिंगस्टोनी' म्हणतं, कुणी 'स्लीपर'. सिक्लिड म्हणजे माशांचं एक मोठं कुळ, आणि हा त्यातला आफ्रिकेचा, मलावी सरोवरातला. हे सरोवर मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या मध्ये आहे. साडेपाचशे किलोमीटरपेक्षा जास्त लांब, आणि सगळ्यात खोल जागी साधारण ७०० मीटर. डेव्हिड लिव्हिंगस्टन तिथे १८५९ मध्ये पोचला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या अल्बर्ट गुंथरने १८९४ मध्ये या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं. पण तिथल्या लोकांनी त्याला त्याच्या कितीतरी आधी नाव ठेवलं होतं. चिचेवा भाषेत त्याला 'कालिगोनो' म्हणतात, म्हणजे झोपणारा. आता हे नाव मला त्या रात्री माहीत असतं, तर हा एपिसोडच झाला नसता.

हा मासा करतो काय, तर वाळूच्या पट्ट्यात जातो, एका कुशीवर पडतो आणि गप्प राहतो. मिनिटं जातात. अंगावरचे डाग कुजक्या माशासारखे दिसतात. छोटे मासे येतात, त्यांना वाटतं मेलाय, चला दोन घास खाऊ. जवळ येतात, टोचून बघतात. आणि मग 'मेलेला' मासा कुशीवरच एक झटका देतो आणि गिळतो. केनेथ मॅकाय नावाच्या संशोधकाने मलावी सरोवरात प्रत्यक्ष पाण्याखाली जाऊन हे पाहिलं आणि १९८१ मध्ये त्यावर लिहिलं. जीव वाचवायला मेल्याचं सोंग घेणारे प्राणी बरेच आहेत. पोट भरायला हे सोंग घेणारे फार थोडे. मध्य अमेरिकेतल्या एका सिक्लिडमध्येही नंतर असंच वागणं दिसलं.

तर मी हा मासा ओळखून आणला होता का? छे. 'मलावी मिक्स' असं लिहिलेल्या टाकीतून दोन इंचाचं पिल्लू उचललं होतं. डाग छान वाटले म्हणून. सोबत आठ पिवळे लॅबिडोक्रोमिस, ज्यांना सगळे यलो लॅब म्हणतात, आणि एकेक इंचाची पाच कुठलीतरी निळी पिल्लं. टँक तीन फुटी. ३ बाय १ बाय दीड फूट, म्हणजे भरून साधारण १२५ लिटर.

पहिल्या चार महिन्यांत ती पाच निळी पिल्लं एकेक करून नाहीशी झाली. मी फिल्टर उघडून बघितला. टँकच्या मागे वाळलेलं काही पडलंय का बघितलं. शेजारच्या मांजरावरही संशय घेतला, बिचारं. प्रॉडक्शनमध्ये डेटा गायब झाला तर आपण लॉग बघतो ना? इथे लॉग समोरच पोहत होता, दर आठवड्याला थोडा जाड होत. मला तो दिसला नाही, कारण मी त्याला शिकारी समजतच नव्हतो. माझ्या डोक्यात तो नक्षीदार मासा होता.

आता ती रात्र. दुकानदार दादांना सकाळी आठला फोन केला. ते म्हणाले, "इन्फेक्शन असेल, औषध टाका, पाणी बदला, फिल्टर स्वच्छ करा." मी सांगितलेल्या कामाच्या दुप्पट काम करणारा माणूस. अँटिबायोटिकची पूड टाकली. जवळपास सगळं पाणी काढून थेट नळाचं भरलं, क्लोरीन काढायचं औषध न घालता. फिल्टरमधला स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. आणि एवढं झाल्यावर समाधानाने ऑफिसचं स्टँडअप घेतलं.

दुपारी बघतो तर लिव्हिंगस्टोनाय साहेब मस्त पोहतायत. मी खूश. औषध लागू पडलं!

तिसऱ्या दिवशी यलो लॅब पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंड उघडझाप करायला लागले. कल्ल्यांचा वेग बघवत नव्हता. टेस्ट किट तेव्हा पहिल्यांदा विकत आणलं. अमोनिया २ पीपीएम. असायला हवा शून्य. त्या आठवड्यात चार यलो लॅब गेले. एक बात लक्षात राहिली आहे. खरोखर मेलेला पहिला मासा मला दिसलाच नव्हता. तो दगडाच्या मागे कोपऱ्यात, पाइपच्या आडोशाला होता. मधोमध, मोकळ्या वाळूवर जो पडला होता, तो ठणठणीत होता.

हे का झालं ते नीट समजून घेऊ, कारण कुठलाही मासा पाळलात तरी हे लागणारच आहे.

मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं कुजूनही तो तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर, दगडांवर, वाळूवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरा त्या मानाने सौम्य, पाणी बदलून काढता येतो. नव्या टँकमध्ये ही जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे फिल्टर म्हणजे गाळणी नाही. ती वस्ती म्हणजे फिल्टर. मी त्या वस्तीवर क्लोरीनचं पाणी सोडलं, वर अँटिबायोटिक टाकलं. साफसफाईच्या नावाखाली सगळी कॉलनीच उठवली.

आणि मलावीच्या माशांच्या बाबतीत यात अजून एक गोम आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक आयनच्या रूपात, जो कमी घातक. दुसरा मोकळा, जो कल्ल्यांतून सरळ आत शिरतो. कुठला किती, ते पीएच आणि तापमानावर ठरतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा टक्का मोकळा असतो. पीएच ८ झाला की तेच प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास. दहापट! साडेआठला सुमारे १५ टक्के. किट दोन्ही मिळून एकच आकडा दाखवतं. म्हणजे तोच २ पीपीएम दुसऱ्या टँकमध्ये त्रासदायक ठरेल आणि मलावी टँकमध्ये जीव घेईल. कारण या माशांना पाणी अल्कलीच लागतं, पीएच साधारण ७.७ ते ८.६. माझ्या टँकमध्ये तेव्हा ८.२ होता.

मग वाचवलं कसं? अमोनिया उतरेपर्यंत रोज अर्धं पाणी बदललं, या वेळी क्लोरीन मारणारं औषध घालून. खाणं बंद. हवेचा दगड रात्रंदिवस चालू. आणि एका मित्राच्या चालू टँकमधला वापरलेला, घाणेरडा, तपकिरी स्पंज पिशवीत ओला ठेवून आणला आणि माझ्या फिल्टरमध्ये बसवला. तो स्पंज खरा डॉक्टर. त्यातली जिवाणूंची तयार वस्ती आयती मिळाली. उरलेले चार यलो लॅब जगले.

आता मुद्द्याचं. मासा आडवा पडलाय, तर तो आजारी की शिकारीला बसलाय, हे ओळखायचं कसं? मी पहिल्यांदा डोळा बघतो. सोंग घेतलेल्या माशाचा डोळा फिरतो. तुम्ही डावीकडून उजवीकडे गेलात की तो तुमच्यामागे येतो. कल्ले संथ चालतात. रंग आणि डाग ठसठशीत असतात. जागा मोकळी असते, कारण गिऱ्हाईक येणार कुठून? आणि सगळ्यात सोपं म्हणजे खाण्याचा डबा हातात घ्या. माझा तर डब्याचं झाकण दिसलं की मेल्याचं नाटक सोडून काचेला येऊन चिकटतो.

आजारी मासा उलट वागतो. कोपरा धरतो किंवा पृष्ठभागाशी धापा टाकतो. पंख अंगाला मिटून घेतो. खाणं तोंडात घेऊन थुंकतो, किंवा बघतही नाही. रंग फिका किंवा काळपट पडतो. पोट फुगलं असेल आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल तर मात्र हसण्यावारी नेऊ नका. मलावीच्या माशांना पोट फुगण्याचा जो आजार होतो, तो वेगाने जीव घेतो. काहीही असो, पहिलं काम पाणी तपासणं. औषध नंतर. आपण अलर्ट आला म्हणून थेट सर्व्हर फॉरमॅट करत नाही, आधी मेट्रिक्स बघतो. मी टँकच्या बाबतीत नेमका सर्व्हर फॉरमॅट केला होता.

खाण्याबद्दल थोडा राग काढू दे. इन्स्टाग्रामवर रील असतात, शिकारी माशाच्या टँकमध्ये पिशवीभर जिवंत गोल्डफिश ओतायचे, मागे ढँगढँग संगीत, आणि खाली टाळ्यांच्या इमोजी. मला कमेंटमध्ये किती जणांनी विचारलं, "भाऊ, फीडर टाकतोस का?" नाही टाकत. स्वस्तातले फीडर मासे कोंदट टाक्यांत गर्दीने ठेवलेले असतात, त्यांच्यासोबत आजार फुकट येतात. गोल्डफिशच्या अंगात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी-१ जीवनसत्त्व तोडतं. सतत तेच खाऊ घातलं तर तुमचाच मासा आतून कमकुवत होतो. चिकन-मटणाचे तुकडेही नकोत, त्या चरबीची या माशांच्या पोटाला सवय नाही. चांगल्या प्रतीचे बुडणारे दाणे, आठवड्यातून एक-दोनदा कोळंबी. एवढं बस्स. शिकारी आहे म्हणजे त्याला रोज शिकार हवीच असं नाही. त्याला रोज जेवण हवं असतं. आणि पोट भरलेलं असलं की तो आडवा पडायचा प्रकारही कमी करतो, निदान माझ्याकडे तरी.

पाण्याबद्दल एक गंमत सांगतो. आपल्याकडे बोअरच्या पाण्याला सगळे शिव्या घालतात. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळाला पांढरे थर. पण अल्कली पाणी लागणाऱ्या माशांना ते बऱ्यापैकी मानवतं. धरणाचं नळाचं पाणी मात्र मऊ असेल तर पीएच टिकत नाही, मग फिल्टरमध्ये कोरलचा चुरा पिशवीत घालून ठेवायचा. खाण्याच्या सोड्याची चमचे मोजून मारामारी करू नका. मलावी सरोवराचं पाणी अल्कली असलं तरी लोक समजतात तितकं जड नाही. आणि सतत वर-खाली होणाऱ्या पीएचपेक्षा एका जागी स्थिर असलेला पीएच कधीही बरा. तापमान २४ ते २८. हिवाळ्यात हीटर, आणि एप्रिल-मेमध्ये पाण्यावर पंखा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून लाईट गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप घरात हवाच.

आता आकार. दुकानातलं दोन इंचाचं पिल्लू पूर्ण वाढल्यावर २५ सेंटिमीटरच्या घरात जातं. दहा इंच! आणि तोंड त्या हिशोबात. नीट सांभाळला तर दहा वर्षं जगू शकतो. म्हणजे तुमचे दोन-तीन फोन, एखाद-दुसरी नोकरी आणि कदाचित एक लग्न तो बघणार. त्याला किमान पाच फुटी टँक हवा, आणि मी घेतला तो ५ बाय २ बाय २ चा. वीस घनफूट, काठोकाठ भरला तर ५६६ लिटर. म्हणजे नुसतं पाणीच साडेपाचशे किलोच्या वर. काच, वाळू, दगड, लोखंडी स्टँड धरून साडेसातशे किलो सहज. बूड किती? दहा चौरस फूट, एक चौरस मीटरपेक्षाही कमी. राहत्या घराच्या स्लॅबसाठी आपल्या आयएस ८७५ मध्ये वापराचा भार धरतात तो चौरस मीटरला साधारण २०० किलो. हा आकडा पूर्ण खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे टँक ठेवला की लगेच स्लॅब कोसळतो असं नाही. पण खोलीच्या मधोमध नका ठेवू. भिंतीलगत, बीमजवळ ठेवा, आणि आधी सिव्हिलवाल्याला विचारा. मी कॉम्प्युटरचा बीटेक, माझ्या शब्दावर स्लॅब सोडू नका. घरमालक काकूंना मी फक्त "छोटासा फिश टँक" म्हटलं होतं. माणसं तो वर चढवायला आली तेव्हा काकू जिन्यात उभ्या राहून मोजत होत्या किती जण लागले ते. सहा लागले.

सोबती कोण ठेवायचे? जो तोंडात मावतो तो सोबती नाही, तो डबा. पाच इंचाच्या खालचं काही नको. माझे यलो लॅब मी दुसऱ्याला देऊन टाकले. एक नर, दोन-तीन माद्या हे प्रमाण बरं. एकच मादी असेल तर नर तिचा पिच्छा पुरवून जीव नकोसा करतो. नर विणीच्या काळात डाग हरवतो आणि निळा होतो, दिसायला कमाल. मादी अंडी तोंडात धरते आणि साधारण तीन आठवडे जवळपास उपाशी राहते. व्हेनुस्टस हा याचाच जातभाई सोबत ठेवला तर संकर होऊ शकतो, आणि मग ती पिल्लं 'प्युअर' म्हणून विकणारे महाभाग निघतात. तसलं काही करू नका.

आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. टँक मोठा घ्यायच्या आधी सहा महिने मी हा मासा कुणाला तरी देण्यासाठी फिरत होतो. दुकानाने परत घेतला नाही, "एवढा मोठा कोण घेणार?" म्हणे. ग्रुपवर टाकलं, एकाने विचारलं की याला रीलसाठी ऑस्करशी झुंजवता येईल का. तेव्हा एका ओळखीच्याने अगदी प्रेमाने सल्ला दिला, "सोड ना धरणात, सुखी होईल."

माझा मामा इंदापूरकडचा. उजनीच्या पाण्यावर वाढलेला. त्याला टँक दाखवला तर पहिला प्रश्न, "हा खातात का रे?" मग निरखून बघत म्हणाला, "तोंड चिलापीसारखंच आहे की." आणि मामा बरोबर होता. चिलापी म्हणजे तिलापिया, तीही आफ्रिकेची, तीही सिक्लिड. मलावी सरोवरातून शिरे नदी निघते आणि झांबेझीला मिळते, तिच्या खालच्या पट्ट्यात मोझांबिक तिलापियाचं मूळ घर. १९५२ मध्ये हा मासा भारतात आणला गेला. आज भिगवणच्या हॉटेलात आपण तिलापिया मिटक्या मारत खातो. मलावीतही तिच्याच गोतावळ्यातला 'चांबो' लोकांच्या आवडीचा आहे. पण मामाला विचाराल तर तो हेही सांगतो, की त्याच्या लहानपणी जाळ्यात जे जे यायचं, त्यातलं आता कितीतरी दिसत नाही. चिलापी मात्र हटत नाही. पिल्लं तोंडात सांभाळते, मिळेल ते खाते, कुठल्याही पाण्यात जमवून घेते.

आता त्याच पाण्यात पिल्लं तोंडात सांभाळणारा आणि वर मासेच खाणारा दुसरा पाहुणा सोडायचा? सह्याद्रीच्या नद्यांत असे मासे आहेत जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. आडवा पडलेला मासा धोक्याचा असू शकतो, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. मलाही नव्हतं शिकवलं, पण मला किट विकत आणता येतं.

म्हणून शेवटी पाच फुटी टँक. खर्च सांगत नाही, आई हा पॉडकास्ट ऐकते. ज्यांना हा मासा घ्यायचाय त्यांनी आधी तो टँक घ्यावा, मग पिल्लू. उलट क्रमाने गेलात तर माझ्यासारखे सहा महिने फिराल.

दिवाळीत मी गावी जातो तेव्हा शेजारचा आदित्य खाणं घालायला येतो. पहिल्या वर्षी त्याचा सकाळी सहाला व्हिडिओ कॉल, आवाज कापतोय, "दादा, तुझा मोठा मासा गेला." मी म्हटलं, डबा उचल. त्याने उचलला. पुढच्या सेकंदाला स्क्रीनवर फक्त माशाचं तोंड. तेव्हापासून टँकवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, अजून आहे: "आडवा पडला तर घाबरू नको. डबा दाखव. उठला नाही तर पाणी तपास, किट खालच्या कप्प्यात. औषध टाकू नको. स्पंजला हात लावू नको. मग मला फोन कर."